चाळीस पेट्या येसूर

वडीगोद्रीहून शहागडकडे निघालं की हायवेच्या कडेला, पंक्चरच्या दुकानाला लागून, एक पत्र्याचं शेड लागतं. दारावर ‘मिरची, हळद, मसाला कांडून मिळेल’ अशी पाटी आहे. ती मीच रंगवली, आणि रंगवताना इतका संताप आला होता की एक अक्षर वाकडं झालं ते तसंच ठेवलं. कारण त्याच जागी आधी दुसरी पाटी होती. तिच्यावर मराठीत आणि इंग्रजीत लिहिलं होतं, उत्पादक आणि निर्यातदार. निर्यातदार हा शब्द मी किती दिवस मनातल्या मनात म्हणून बघत होते ते सांगितलं तर लोक हसतील. हसू देत. आता माझ्याकडे लपवण्यासारखं फारसं उरलेलं नाही.

मी येसूर करायचे. आमच्या मराठवाड्याबाहेर तो फारसा कोणाला माहीत नसतो, म्हणून सांगते. बाजरी, ज्वारी, हरभऱ्याची डाळ वेगवेगळी खमंग भाजायची, त्यात धने, खोबरं, मिरे, दगडफूल भाजून घालायचं आणि दळून ठेवायचं. फोडणीच्या उकळत्या पाण्यात दोन-तीन चमचे कालवून सोडला की आमटी तयार. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीला ही आमटी नसली तर पाहुणे तोंडावर बोलून दाखवतात. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, घरात पगार चालू, तेव्हा माझा धंदा म्हणजे बाईची हौस असं नातेवाईक म्हणायचे. हौस असती तर मी विणकाम केलं असतं. रोज नाकातोंडात मिरचीचा खकाणा घेण्याची हौस कोणाला असते?

आम्ही बौद्ध. पाकिटावर मी माझं पूर्ण नाव छापलं होतं, आडनावासकट. आठवडी बाजारात पथारी मांडून बसले की बाया यायच्या, पाकीट उचलून वास घ्यायच्या, ‘लई झकास वास सुटलाय’ म्हणायच्या. मग एखादी पाकीट उलटं करायची, नाव वाचायची, आणि ‘जाताना घेते’ म्हणून हळूच खाली ठेवायची. जाताना ती दुसऱ्या बोळातून जायची. कोणी वाईट बोललं नाही. बोललं असतं तर भांडले असते, भांडणात मी कोणाला हार जात नाही. पण ‘जाताना घेते’ याच्याशी भांडायचं कसं? सगळ्याच बाया अशा नव्हत्या, पण चार परत गेल्या की पाचवीला दाखवायला माझ्याकडे गिऱ्हाईक नसायचं. माझ्याच भावाने सुचवलं, आडनाव काढ, एखाद्या देवीचं नाव दे, चालेल. मी म्हटलं, धंदा बुडाला तरी चालेल, नाव काढणार नाही. त्याने दोन महिने माझ्याशी बोलणं टाकलं.

अशा दिवसांत काकू आल्या. मी एकटीच मोठ्या कढईत धने भाजत होते, तर दारातून आवाज आला, “धने करपून राह्यले गं, पार रोडवर वास यायलाय. कोण भाजतंय?” साठीच्या बाई, डोक्यावर पदर, पायात प्लास्टिकच्या चपला. गावातल्या जुन्या जमीनवाल्या भावकीतल्या, नवरा वारलेला, मुलगा-सून जालन्याला स्टीलच्या कारखान्यामागे राहायला गेलेले. त्या आत आल्या, माझ्या हातातलं उलथनं काढून घेतलं आणि सात वर्षं परत दिलं नाही.

पहिल्याच दुपारी त्यांनी माझ्या डब्यातली भाकरी मोडून खाल्ली. सहज. मी मात्र त्या घासाकडे बघत राहिले होते. त्यांच्या भावकीत यावरून किती बोलणी झाली हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, पुढे दुसऱ्या बायांनी सांगितलं. पण त्या येतात म्हटल्यावर त्यांच्या गल्लीतल्या दोघी आल्या, मग आमच्या वस्तीतल्या तिघी, मग आणखी. आठ बाया झाल्या. आठ घरांत माझ्या शेडमधून पगार जायला लागला. मी मालकीण होते, पण शेड उभं होतं ते काकूंच्या जिवावर. हे मला तेव्हाही माहीत होतं. म्हणून पुढे मी जे केलं त्याला अज्ञानाची सबब नाही.

पुण्याच्या एका प्रदर्शनात मी गॅसवर आमटी करून वाट्यांतून देत होते. एक माणूस आला, तीन वाट्या प्यायला. त्याचे पणजोबा कधीकाळी बिहारकडून मजुरीला सुरीनामला गेलेले, तो स्वतः हॉलंडमध्ये वाढलेला, तिथे त्याची भारतीय किराण्याची दुकानं. मोडकंतोडकं, जुन्या वळणाचं हिंदी बोलायचा. त्याने पाकीट उलटं केलं. मी सवयीने त्याच्या तोंडाकडे बघितलं. त्याने नाव वाचलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाला, पता अंग्रेजी में भी छापिए. बस, एवढंच. माझं आडनाव वाचून काहीच न कळणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. डोळ्यांत पाणी आलं ते मी फोडणीच्या धुरावर ढकललं.

सहा महिने कागद फिरले. आयात-निर्यातीचा परवाना, प्रयोगशाळेचे अहवाल, इंग्रजी लेबलं. नवी मुंबईतला एक एजंट मध्ये होता. ठरलं ते असं: पहिल्या खेपेला चाळीस पेट्या. त्या नीट पोचल्या, विकल्या गेल्या, की दर तीन महिन्यांनी दोनशे. दोनशे पेट्यांना आठ बाया पुरल्या नसत्या. मी शेजारच्या रिकाम्या प्लॉटकडे बघायला लागले होते. बाजारात पथारी मांडणं मी त्याच महिन्यात बंद केलं. आता कोणाच्या ‘जाताना घेते’ची मला गरज नव्हती. किती माज आला होता मला! खरंच आला होता, आणि खोटं कशाला बोलू, फार सुख वाटत होतं.

बायांना टोप्या आल्या, हातमोजे आले, बांगड्या उतरवून ठेवायला खिळे ठोकले. काकूंनी टोपी पदराच्या वर घातली, आम्ही पोट धरून हसलो. एजंटने पाठवलेले नियम मी मराठीत उतरवून भिंतीला चिकटवले आणि सगळ्यांना बसवून वाचून दाखवले. त्यात एक होता, पेटीत पाकिटांशिवाय काहीही ठेवू नये. काकू म्हणाल्या, “बराबर हाय. येगळं काही कशाला ठुवायचं?” मी पुढच्या नियमावर गेले.

आमच्याकडे धान्य साठवायचं म्हणजे लिंबाचा पाला आलाच. कडुलिंबाच्या डहाळ्या सावलीत वाळवायच्या आणि कोठीच्या तळाला, मध्ये, वर अशा घालायच्या, म्हणजे कीड लागत नाही. डाळीत, गव्हात, ज्वारीत, सगळीकडे. हे कोणी कोणाला शिकवत नाही. पाला म्हणजे ‘येगळं काही’ असं आमच्यातल्या कोणाच्या मनात पटकन येणार नाही. पोत्याला सुतळी लागते तसा कोठीला पाला लागतो.

माल भरायच्या दिवशी सकाळी काकू एक गाठोडं घेऊन आल्या. पेट्यांच्या तळाला जाड कागद घालायचं काम त्यांच्याकडे होतं. दुपारी ट्रक दारात येऊन हॉर्न मारायला लागला. मी मोजणीसाठी एक पेटी उघडली, दोन पाकिटं उचलली, तर कागदाची कड वर आलेली. कागदाखाली पाला होता. वाळलेला, नीट निवडलेला, एकसारख्या डहाळ्यांचा.

इथे मला थांबून खरं लिहायचं आहे. मी तो पाला बघितला. मला नियम पाठ होता, मीच तो लिहिला होता. काकू पलीकडे पाठमोऱ्या उभ्या राहून पेट्यांना पट्टी लावत होत्या, मी काय बघितलं ते त्यांना कळलं नाही. मी कागद खाली दाबला, पाकिटं परत ठेवली आणि म्हटलं, “जल्दी करा, ट्रकवाला वरडायलाय.” का? चाळीस पेट्या पुन्हा उघडायच्या तर ट्रक गेला असता, हे एक. सगळ्या बायांसमोर काकूंना बोलायचं जिवावर आलं, हे दुसरं. पण ही दोन्ही कारणं मी नंतर शोधलेली आहेत. त्या क्षणी मला बरं वाटलं होतं. महिनाभर समुद्रावरून जाणार माझा माल, आणि त्याच्या तळाशी पाला आहे म्हणून जीव भांड्यात पडला होता.

पाच आठवड्यांनी एजंटकडून फोटो आला. पांढऱ्याशुभ्र ट्रेमध्ये आमच्या लिंबाची एक डहाळी ठेवलेली, शेजारी मोजपट्टी. एका पानाच्या देठाशी लाल गोल काढलेला. गोलात एक अळी. जिवंत, असं खाली लिहिलं होतं. जी गोष्ट कीड लागू नये म्हणून घातली तिच्यातूनच कीड गेली होती. न कळवलेला वनस्पतीचा भाग, जिवंत कीटक, चाळीसच्या चाळीस पेट्यांत. तिकडच्या बंदरावर सगळा माल जाळून टाकणार होते. जाळणावळही आमच्याकडूनच.

मी फोटो कितीदा बघितला त्याला हिशेब नाही. मला त्या बंदरावरच्या माणसांचा रागसुद्धा करता येईना. त्यांचं काम त्यांनी चोख केलं होतं. त्यांनी माझं आडनाव बघून माल परत केला असता तर मी आकाशपाताळ एक केलं असतं. इथे मी कोणाशी भांडायचं होतं?

फोटोबरोबर एक फॉर्म होता. चूक कशी झाली, कोणाकडून झाली, त्या कर्मचाऱ्यावर काय कारवाई केली. एजंट फोनवर म्हणाला, “मॅडम, कोणाचं तरी नाव टाका. कामावरून काढलं असं लिहा. तिकडे त्यांना तेवढं दिसलं की विषय बंद होतो, दोनशे पेट्या वाचतात.” मी म्हटलं, चूक माझी आहे, मालकीण मी आहे. तो हसला. “मग कंपनीच बंद केली असं लिहिणार का? मालकाचीच चूक म्हटल्यावर कोण माल घेईल? आणि नुसतं लिहू नका, खरंच काढा. ते व्हिडिओ कॉलवर एकेका बाईला बघतात.”

नवरा म्हणाला, तुझा धंदा, तू ठरव. चांगला माणूस आहे, पण त्या दिवशी मला त्याचाही राग आला.

मी दोन दिवस फॉर्म तसाच ठेवला आणि तिसऱ्या दिवशी भरला. इंग्रजी माझं बरं आहे, वडिलांनी छड्या मारून शिकवलेलं. मी लिहिलं की एका अशिक्षित, वयस्क कामगार स्त्रीने स्पष्ट सूचना असूनही स्वच्छतेचे नियम पाळले नाहीत. काकूंचं पूर्ण नाव लिहिलं. पेटी उघडून कागद परत कोणी दाबला, यासाठी फॉर्ममध्ये रकाना नव्हता, आणि मी तो आखला नाही. माझ्या लहानपणी आमच्या वस्तीबद्दल बोलताना लोक ज्या सुरात बोलायचे, तो सूर मला इंग्रजीत बरोबर सापडला. वाचून बघितलं, एक स्पेलिंग दुरुस्त केलं आणि पाठवून दिलं.

मग काकूंना सांगायचं होतं. फॉर्मचं सांगायची माझी छाती झाली नाही. माल जाळला हेही सांगितलं नाही, कोणालाच नाही. मी बाकीच्या बाया जेवायला बसल्या होत्या तेव्हाच बोलले, म्हणजे फार वेळ बोलावं लागू नये. म्हटलं, “काकू, आता मशीन येणारे, काम कमी व्हायलंय. तुमचं वय झालं. तुम्ही आता आराम करा.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “मंग उद्यापासून येऊ नको का?”

“नका येऊ.”

“धने कोण भाजीन?”

मी म्हटलं, बघू. त्यांनी टोपी काढली, तिची घडी घातली आणि माझ्या टेबलावर ठेवली. हातमोजे ठेवले. बांगड्या खिळ्यावरून काढून तिथेच उभ्या राहून चढवल्या, त्यांना वेळ लागला, हात सुजलेले होते. एकाही बाईने घास उचलला नाही. जाताना काकू दारातून म्हणाल्या, “चिडली का माय तू माझ्यावर?” मी म्हटलं, नाही हो, बिलकुल नाही. तेवढंच एक खरं बोलले.

व्हिडिओ कॉल झालाच नाही. त्या सुरीनामी माणसाचं दोन ओळींचं पत्र आलं. वाईट वाटलं, माल उत्तम होता. पण त्या बंदरावर आता माझ्या नावापुढे खूण लागली आहे, माझा माल येईल तेव्हा प्रत्येक पेटी फोडून बघतील, आणि ते त्याला झेपणार नाही. म्हणजे सबंध जगात ज्या एका ठिकाणी माझ्या नावाला काही अर्थ नव्हता, तिथे मी तो स्वतःच्या हाताने मिळवून दिला होता. पत्र वाचून मी शेडमध्ये खाली बसले आणि मोठ्याने हसले. बाया घाबरल्या.

पुढचं सांगण्यासारखं नाही. काकूंच्या गल्लीतल्या दोघी पुढच्याच आठवड्यात यायच्या बंद झाल्या. कारण विचारलं तर एक म्हणाली, घरी काम निघालं. दुसरी तोंडावर म्हणाली, “काकूला काढलं, आम्ही कोण लागून गेलो?” मग आमच्या वस्तीतल्या गेल्या, त्यांना मीच जा म्हटलं, पगार द्यायला काही नव्हतं. बाजारात परत पथारी मांडली तर तिथली माझी जागा एका प्लास्टिकच्या डब्यांवाल्याने घेतली होती. आता मी लोकांच्या मिरच्या कांडून देते. लोक मिरची आणतात, समोर उभे राहून कांडून घेतात आणि घेऊन जातात. पाकीट नाही, नाव नाही. आता कोणाला काही अडचण नसते.

काकूंच्या घरी जायला मला वर्ष लागलं. रस्त्यात दिसल्या की मी वळून जायचे. मग कोणीतरी सांगितलं, त्या आजारी आहेत, डोळ्याला दिसत नाही नीट. दुपारी गेले. त्या ओसरीवर बसून सुपात तूर पाखडत होत्या, खडे बोटांनी चाचपून काढत होत्या. आवाज ओळखला. “ये माय, ये. किती वाळलीस. आवाजावरूनच कळायलंय.”

मी सांगायचं ठरवून गेले होते. सगळं. फॉर्म, अळी, जाळलेला माल, कागद परत दाबणारा माझा हात. वाटेत दोनदा म्हणूनही बघितलं होतं. मी त्यांच्याजवळ खाली बसले आणि तोंड उघडलं, तर त्यांनीच विचारलं, “आपला माल पोचला का गं तिकडं?”

मी म्हटलं, “पोचला.”

“खाल्ला का त्या लोकायनं?”

त्यांचं तोंड माझ्याकडे होतं, नजर जरा बाजूला, भिंतीवर. मी म्हटलं, “खाल्ला काकू. लई आवडला म्हणले.”

काकूंनी सूप खाली ठेवलं. इतक्या खुलल्या की मला तिथून उठून पळावंसं वाटलं. त्यांनी माझा हात शोधला, दोन्ही हातांत घट्ट धरला आणि आवाज खाली आणला.

“तुला एक सांगू? रागवू नको. तू सांगितल्तं काही ठुवायचं न्हाई, तरी बी मी समद्या पेट्यात लिंबाचा पाला घातल्ता. येवढ्या लांब पाण्यावरून जायाचं, म्हणलं कीड लागली तर माझ्या लेकीचं नाव खराब व्हईन. म्हणून टिकला बघ माल.”

मी मोकळ्या हाताने सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला.

“वरीस झालं, मनात खात व्हतं. तुला न सांगता केलं म्हणून.” त्यांनी माझा हात थोपटला. “आता तू कुणाला सांगू नको. न्हाईतर लोक म्हणतील, म्हातारीनं मालकिणीचं ऐकलं न्हाई.”

मी म्हटलं, नाही सांगणार काकू, कोणालाच नाही.